नकाशा, होकायंत्र आणि जीपीएस : एका सहलीचा राहिलेला हिशोब

स्मरणिका समितीने "तुम्ही काहीतरी इतिहासाचं लिहा" असं सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा मी टाळाटाळच केली. सोसायटीचा इतिहास लिहायला माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स, पार्किंगचे वाद हे सगळं त्यांच्या लेखांत आलेलंच असेल. पण गेल्या महिन्यात जुनी शेअर सर्टिफिकेट्स शोधायला ऑफिसमधलं गोदरेजचं कपाट रिकामं केलं आणि मागच्या बाजूला एक पुठ्ठ्याची नळी सापडली. नळीत माझाच नकाशा होता. तो बघितला आणि लिहायचा विषय ठरला.

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली २००० साली. त्याच वर्षी, १ मेच्या मध्यरात्रीनंतर, अमेरिकेने जीपीएसच्या संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला शंभरेक मीटर इकडेतिकडे अशी जागा दिसायची, ती एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. म्हणजे डोंगरात फिरणाऱ्यांच्या दृष्टीने जीपीएसचाही हा रौप्यमहोत्सवच आहे. या पंचवीस वर्षांत आपण सोसायटीच्या पावसाळी सहली काढल्या. त्यांतल्या एका सहलीचा हिशोब माझ्याकडून द्यायचा राहिलाय. तो आज देतो. पण आधी थोडा इतिहास.

डोंगरात वाट शोधायचं सगळ्यात जुनं साधन म्हणजे गावचा माणूस. त्यानंतर दगडांच्या लगोऱ्या, झाडावरच्या खुणा, आणि आता कातळावर रंगवलेले बाण. नकाशा फार उशिरा आला, आणि तो आपल्यासाठी आलाच नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीला मुलूख मोजायचा होता, सारा वसूल करायचा होता, फौजा हलवायच्या होत्या. १७६७ साली सर्व्हे ऑफ इंडियाची सुरुवात झाली ती त्यासाठी. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट इथे साखळीने एक सरळ रेघ मोजायला घेतली. ती रेघ म्हणजे त्रिकोणाची पहिली बाजू. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात, हे आपण नववी-दहावीत शिकलो. त्या एका रेघेवर त्रिकोणामागून त्रिकोण उभे करत ही मंडळी थेट हिमालयापर्यंत गेली. लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, हिंगणघाटला, कामावर असतानाच वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं.

या सगळ्यात मला आवडणारा माणूस मात्र वेगळा आहे. कुमाऊँचा शाळामास्तर नैनसिंह रावत. तिबेटमध्ये साहेबाला प्रवेश नव्हता, म्हणून १८६५ साली हा यात्रेकरूच्या वेशात निघाला. त्याचं पाऊल असं सरावाचं केलेलं की दोन हजार पावलं म्हणजे बरोबर एक मैल. हातात जपमाळ, पण मणी १०८ ऐवजी १००. दर शंभर पावलांना एक मणी पुढे. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या ऐवजी टिपणांचे कागद. पाणी किती तापमानाला उकळतं ते बघून उंची काढायची. असा पायी मोजत मोजत तो ल्हासाला पोचला आणि ल्हासाची जागा नकाशावर आली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं, आणि २००४ साली आपल्या टपालखात्याने तिकीट काढलं. डोंगरात पावलं मोजायची सवय मला त्याची गोष्ट वाचून लागली. घरचे हसायचे. पुढे ती सवय कुठे कामाला आली ते सांगतोच.

आमच्या ट्रेकिंगची सुरुवात ऐंशीच्या दशकातली. शनिवारी रात्री कल्याण स्टँडवर आळेफाट्याची एसटी पकडायची, माळशेज घाट चढून खुबी फाट्याला उतरायचं, आणि धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पत्रकाला आम्ही 'टोपोशीट' म्हणायचो. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी समोच्चरेषा, दर वीस मीटर उंचीला एक. रेषा लांब लांब असल्या की माळ, जवळ जवळ आल्या की चढ, आणि एकमेकींना चिकटल्या की समजायचं, कडा आहे, बाबा सांभाळ. समुद्रकिनाऱ्याच्या आणि सरहद्दीच्या पट्ट्यातली पत्रकं तर 'प्रतिबंधित' असायची. पत्रकं मिळवणं म्हणजे अर्ज, ओळखपत्र आणि पुष्कळ वाट बघणं. कोणाकडे एखादं पत्रक असलं की सगळा ग्रुप त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून उतरवून घ्यायचा.

कपाटात सापडला तो असाच नकाशा. १९८४ साली मी तीन रविवार बसून ४७ ई मधला हरिश्चंद्रगडाचा भाग उतरवून घेतला होता. तपकिरी शाई संपली म्हणून अर्ध्या रेषा काळ्या आहेत.

जोडीला होकायंत्र. सैन्याच्या जुन्या सामानातलं, चोर बाजारात घासाघीस करून घेतलेलं. आपल्या भागात होकायंत्राची एक मोठी सोय आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे एक अंशाचाही फरक नाही. युरोप-अमेरिकेत लोकांना तो फरक वजा करत बसावा लागतो, आपल्याला नाही. एकच पथ्य पाळायचं. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे यंत्र दगडावर टेकवून बघायचं नाही, हातात धरायचं. आणि लोखंडी रेलिंगपासून लांब उभं राहायचं.

आता जीपीएसकडे येऊ. हेही मूळचं लष्करी काम. १९७३ मध्ये योजना, १९७८ मध्ये पहिला उपग्रह. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं आणि २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही यंत्रणा नागरी वापराला खुली करण्याचं जाहीर केलं. १९८९ मध्ये मॅगेलन कंपनीने हातात धरायचं पहिलं यंत्र विकायला काढलं आणि १९९५ मध्ये चोवीस उपग्रहांचा ताफा पूर्ण झाला.

हे चालतं कसं? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह "माझ्या घड्याळात आता इतके वाजलेत आणि मी इथे आहे" एवढंच सांगत असतो. आपलं यंत्र बघतं की निरोप पोचायला किती वेळ लागला. त्यावरून अंतर. असे किमान चार उपग्रह दिसले की आपली जागा निघते. म्हणजे लॅम्ब्टनने जमिनीवर कोन मोजले, इथे आकाशातून अंतरं मोजतात, भूमिती तीच. घड्याळं इतकी नेमकी लागतात की आइन्स्टाइनच्या सापेक्षतेची दुरुस्ती करावी लागते. उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. ते सुधारलं नाही तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक साचेल. आपल्या इस्रोनेही १ जुलै २०१३ ला पहिला आणि २८ एप्रिल २०१६ ला सातवा उपग्रह सोडून आपली स्वतःची यंत्रणा उभी केली. तिचं नाव 'नाविक'.

माझ्याकडे यंत्र आलं २००६ मध्ये. मेव्हण्याने अमेरिकेतून आणलेलं, पिवळं, हाताच्या पंजात मावणारं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. खरं सांगतो, मी त्याच्या प्रेमात पडलो. देवळापाशी उभं राहून बटण दाबलं की देऊळ त्याच्या पोटात. पुढच्या वेळी 'तिकडे चल' म्हटलं की पडद्यावर बाण. वीस वर्षं नकाशे उलगडून, वाऱ्यात फडफडणारा कागद गुडघ्याने दाबून धरलेल्या माणसाला हे वरदानच वाटणार.

आणि आता जुलै २०११.

जुन्या सभासदांना ती सहल आठवत असेल. सहलीला गेलेल्यांपेक्षा जे घरी थांबले होते त्यांना जास्त. आम्ही बावीस जण होतो, त्यांत सात मुलं. सगळ्यात लहान दहा वर्षांचा. पहाटे साडेचारला गेटवरून बस निघाली. रात्री आठपर्यंत परत यायचं ठरलं होतं. साडेअकरापर्यंत आमचा फोन नाही. मुलांच्या आया वॉचमनच्या केबिनपाशी पावसात छत्र्या घेऊन उभ्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दीडला आम्ही पोचलो. "धुकं होतं, उशीर झाला" एवढंच मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्यावर कोणी फार विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही. चौदा वर्षं झाली.

झालं ते असं. टोलार खिंडीतून कातळटप्पा चढून आलं की वर मोठं पठार लागतं. छोट्या छोट्या टेकड्या, मध्ये ओढे, कारवीचं रान, आणि वाट साधारण पूर्वेकडून पश्चिमेला देवळाकडे जाते. स्वच्छ दिवशी यात चुकण्यासारखं काही नाही. पण पावसाळ्यात कोकणातून धुकं चढलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. हे पठार त्यासाठी प्रसिद्धच आहे. मी निर्धास्त होतो, कारण खिशात यंत्र होतं आणि यंत्रात देऊळ होतं. नकाशा मी आणलाच नव्हता. आदल्या रात्री बॅग भरताना नळी हातात घेतली होती, मग "आता काय गरज" म्हणून ऑफिसच्या कपाटात ठेवून आलो. होकायंत्र आठवडाभर आधी मुलांना खेळायला दिलं होतं. ते सी विंगच्या एका तेरा वर्षांच्या मुलीकडे होतं. तिने ते परत द्यायला म्हणून गळ्यात अडकवून आणलं होतं, आणि मी "राहू दे तुझ्याकडेच" म्हटलं.

पठारावर एक ओढा फुगलेला होता. बाण सरळ त्याच्या पलीकडे दाखवत होता. यंत्राला देवळाची दिशा माहीत होती, मध्ये पाणी आहे हे त्याला कुठून माहीत? ओलांडायला बरी जागा मिळते का बघू म्हणून मी सगळ्यांना डावीकडे, ओढ्याच्या काठाने नेलं. पुढे काठही सुटला. कारवीत शिरलो. लहान मुलं, दोन आजोबा, त्यामुळे दर पाच मिनिटांनी थांबायचं. आणि इथेच माझी खरी चूक झाली.

त्या साध्या यंत्रात चुंबकीय सुई नव्हती. आपण चालत असताना आपल्या सरकण्यावरून ते दिशा ठरवतं. आपण उभे राहिलो की त्याला दिशा कळत नाही आणि बाण वाटेल तसा फिरतो. हे मला माहीत होतं. सूचनापुस्तकात वाचलेलं होतं. पण बावीस लोक "काका, कुठे?" म्हणून तोंडाकडे बघत असताना मी उभ्या उभ्या पडद्याकडे बघायचो, बाण दिसेल तिकडे हात करायचो. लोकांना वाटायचं, काकांना सगळं कळतंय. मलाही तसंच वाटायचं. पाऊण तासाने सेल संपले. जादा सेल होते, पण ज्या पिशवीत होते तिच्यात पाणी शिरलं होतं. यंत्र बंद पडलं. मी तरीही "असंच सरळ" म्हणून पुढे निघालो.

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, मगाशी पाऊस तोंडावर येत होता. आता उजव्या कानात जातोय."

जुलैत वारा पश्चिमेकडून. तोंडावर होता तेव्हा आम्ही पश्चिमेला चाललो होतो. उजव्या कानात जातोय म्हणजे तोंड दक्षिणेला. तिला होकायंत्र बघायला सांगितलं. ते कसं धरायचं हे तिला बरोबर ठाऊक होतं. दक्षिण. गडाच्या दक्षिणेला काय आहे हे मला नकाशा न बघता सांगता येत होतं, कारण त्या चिकटलेल्या रेषा मी स्वतःच्या हाताने, जीभ दातात धरून उतरवल्या होत्या. तिकडे खिरेश्वरच्या अंगाला गड तुटलेला आहे. कडा किती पुढे होता, शंभर पावलं की हजार, हे मला आजही सांगता येणार नाही. धुक्यात काही दिसलंच नाही.

मी सगळ्यांना खाली बसवलं. हातपाय थरथरत होते, थंडीने नव्हे. मग विचार केला. वाट पूर्व-पश्चिम आहे. आपण तिच्या दक्षिणेला आलोय. म्हणजे सुई धरून नाकासमोर उत्तरेला चालत राहिलो तर वाट आपल्याला आडवी आलीच पाहिजे. देऊळ शोधायचं नाही, फक्त वाट कापायची. पुढे ती मुलगी सुई धरून, तिच्यामागे मी पावलं मोजत, आणि मागे सगळे एकमेकांच्या बॅगेला धरून. हजार पावलांत वाट नाही लागली तर थांबायचं असं मनाशी ठरवलं. सहाशे चाळिसाव्या पावलाला एका दगडावर पांढरा बाण दिसला. कोणीतरी रडलं. मी नाही असं म्हणणार नाही.

देवळापर्यंत गेलोच नाही. तिथूनच मागे फिरलो. कातळटप्पा दोर लावून एकेकाला उतरवण्यात दोन तास गेले. दहा वर्षांच्या त्या मुलाचे ओठ निळे पडले होते, त्याला दोन स्वेटर आणि माझा रेनकोट घालून खिंडीपर्यंत पाठीवर आणला. खिरेश्वरला रात्री नऊ वाजता पोचलो. ज्यांच्या घरी चहा घेतला त्या मामांना सगळी हकिगत सांगितली. यंत्र हातात घेऊन, उलटसुलट बघून ते म्हणाले, "सायेब, ह्ये देवळाकडं बोट दावतंय. वाट कुठं दावतंय?" फोनला रेंज मिळाली ती थेट मुरबाडला.

त्या रात्री गेटवर उभ्या राहिलेल्या सगळ्या घरांची मी या लेखातून माफी मागतो. उशीर धुक्यामुळे झाला नाही, माझ्यामुळे झाला.

आता कोणी म्हणेल, म्हणजे काकांच्या मते जीपीएस वाईट. तसं मुळीच नाही. त्या दिवशी मी देवळाचा एक ठिपका न ठेवता आधीच्या वेळची चाललेली पूर्ण वाट यंत्रात ठेवली असती, तर आम्ही तिच्यावरून डावीकडे सरकलोय हे मला लगेच दिसलं असतं. आजच्या मोबाईलमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, रेंज नसली तरी जागा दिसते, आणि कोणी जखमी झालं तर बचावपथकाला नेमके अक्षांश-रेखांश सांगता येतात. ही केवढी मोठी गोष्ट आहे. कागदावर तुम्ही कुठे आहात हे तुम्हालाच शोधावं लागतं. धुक्यात ते शोधणं भल्याभल्यांना जमत नाही, यंत्र ते क्षणात सांगतं. उलट नकाशाला सेल लागत नाहीत, पडला तर फुटत नाही, आणि तो पसरला की चारही बाजूंचा मुलूख एकदम दिसतो. पाच इंची पडद्यावर पुढची वाट दिसते, पण शेजारची दरी दिसत नाही.

दोन्ही एकत्र वापरताना एक सांभाळायचं. आपले जुने टोपोशीट एव्हरेस्टच्या मापाच्या पृथ्वीवर काढलेले आहेत, आणि जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' नावाचं दुसरं माप धरतं. जुन्या पत्रकावरचा आकडा तसाच यंत्रात भरला तर जागा सरकते. २००५ च्या नकाशा धोरणानंतर निघालेल्या नव्या पत्रकांत ही अडचण राहिली नाही. आणि १५ फेब्रुवारी २०२१ पासून तर नकाशांवरची बहुतेक बंधनं केंद्र सरकारने उठवली. ज्यासाठी आम्ही तीन तीन रविवार घालवले ते आता घरबसल्या मिळतं.

२०१२ पासून आपल्या सहलीचे नियम मी असे ठेवलेत. बॅगेत कागदाचा नकाशा, प्लास्टिकच्या पिशवीत. होकायंत्र एक नाही, दोन, आणि त्यांतलं एक मुलांपैकी कोणाकडे तरी. फोन दोघांचे 'फ्लाइट मोड'वर, पॉवरबँक कोरडी. पठारावर पाऊल ठेवलं की सगळ्यांना मोठ्याने सांगायचं, वारा कुठल्या गालावर आहे. आणि दुपारी एकनंतर पुढे जायचं नाही, असू तिथून परत.

ती मुलगी आता लग्न होऊन पुण्याला असते. नकाशा सापडला तेव्हा तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "काका, होकायंत्र अजून माझ्याकडेच आहे. परत करायचं राहिलंय."

मी लिहिलं, राहू दे तुझ्याकडेच. नकाशा मात्र क्लबरूममध्ये कॅरमच्या टेबलाशेजारी लावायला दिलाय. काचेत बंद केलेला नाही. नुसता पिनांनी लावलाय, मुलांना काढून बघता यावा म्हणून. बघून झाल्यावर परत लावा, एवढंच.